भूमितीचा पेपर

"उद्या भूमितीला मी जायची नाही," म्हणत हौसाबाईंनी हॉल तिकीट सुनेपुढे सरकवलं. पन्नाशीत हौसेनं दहावीला बसल्या होत्या, पण बीजगणिताच्या पेपरात जेमतेम दोन गणितं सुटली होती.

"आई, दोन्ही पेपरांचे गुण एकत्र धरतात," प्रणाली म्हणाली. "प्रमेय अडलं तरी आकृती काढा, पक्ष-साध्य लिहा. पायरीपायरीला गुण असतात."

हौसाबाई कुरकुरत गेल्या. एकही सिद्धता पुरी झाली नाही, पण एकही आकृती त्यांनी सोडली नाही.

निकालाच्या दिवशी गल्लीभर पेढे वाटत त्या शेजारच्या मास्तरांकडे पोचल्या.

"गणितात किती?" मास्तरांनी विचारलं.

"छत्तीस."

"एवढेच?"

"पस्तीस पुरतात, मास्तर," पेढा पुढे करत हौसाबाई म्हणाल्या. "एक उरलाय."