सासऱ्याच्या नावाची शाळा

शाळेचा व्हरांडा धाडकन खाली आला तेव्हा रुखमाबाई समोरच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. सूप उलटलं. तिकडं न पाहता ती धावली. धुळीनं रस्ता दिसेना. वर्गाचं दार मलब्याखाली गेलं होतं आणि आत पोरं कोकलत होती. मास्तरीण आत, पोरं आत, तिची नात खुशी आत.

भरदुपार. गल्लीतली माणसं कामावर गेलेली. खुशीनंच शिकवलेला आगीच्या बंबाचा नंबर तिनं मोबाइलवर दाबला.

“फायर ब्रिगेड. बोला.”

“शाळा पडली, बाबू! पोरं दबली आत. धावा लवकर!”

“कोणती शाळा, आजी?”

“आमची. कॉर्पोरेशनची. पाण्याच्या टाकीपाशी.”

“टाकीच्या अल्याड एक शाळा, पल्याड एक. नाव सांगा.”

शाळा रुखमाबाईच्या सासऱ्याच्या नावाची. त्यांनी आपलं कपाशीचं वावर शाळेला दान दिलं, तेव्हा नागपूर इथवर आलंही नव्हतं. ती लग्न होऊन आली, म्हातारी झाली, पण ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. सासऱ्याचं नाव घेणारी सून तिच्या लेखी बिनवळणाची. मागल्या साली इमारत धोक्याची झाली म्हणत पाडायला कॉर्पोरेशनचा साहेब आला, तेव्हा हीच शाळेच्या फाटकात आडवी झाली होती. “काहून गा, त्यायचं नाव पुसाले आला काय?” साहेब गेला तो गेलाच.

“आजी, गाडी निघून राहिली. कोणीकडं वळवू?”

“सासरा होय माहा. नाव कसं घेऊ गा?”

“मग दुसऱ्या कोणाले द्या फोन!”

दुसरं होतं कोण? आत पुन्हा काहीतरी कोसळलं आणि पोरांचा गलका एकदम थांबला. सवयीनं रुखमाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि ओरडली, “धोंडबा! धोंडबा डाखोळे शाळा! धोंडबा डाखोळे!”

“निघालो!” म्हणत पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता. ती ओरडतच राहिली.

मलब्यामागून बारीक आवाज आला. “आजी... तू मोठ्या आबाचं नाव घेतलं?”

“घेतलं वं माय.” रुखमाबाई विटांच्या ढिगाला बिलगली. “तू बोलत राय. गप नको राहू.”

वर भिंत अजून उभी होती. तिच्यावरच्या शाळेच्या नावाच्या मोठमोठ्या अक्षरांमागून माती गळत होती, खाली रुखमाबाईच्या पदरावर.