रिकामं पाकीट

आमच्या सहलीत सगळ्यात हुशार माणूस कोण, तर काका. हे मत अर्थात काकांचंच. परदेशात खिसेकापूंचा सुळसुळाट, म्हणून त्यांनी मागच्या खिशात मुद्दाम एक जुनं, रिकामं पाकीट ठेवलं होतं. पासपोर्ट आणि पैसे होते शर्टाच्या आत, पोटाशी खोचलेल्या कापडी पिशवीत.

भर चौकात एक सुटाबुटातला गृहस्थ धापा टाकत आला. "तुमचं पाकीट पडलं होतं," म्हणत त्याने ते काकांच्या हातात दिलं.

"किती भला माणूस! आभार तरी माना," काकू म्हणाल्या.

काका नुसते आभार मानून थांबतात होय? त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला समजावलं, की हे पाकीट म्हणजे चोरांना दाखवायचं गाजर. मग शर्टाची दोन बटणं उघडून खरा माल कुठे असतो तेही दाखवलं. गृहस्थ थक्क झाला. "काय डोकं आहे!" म्हणत त्याने काकांना कडकडून मिठी मारली आणि तो गर्दीत निघून गेला. काकांची छाती फुगली ती हॉटेलात पोचेपर्यंत. तिथे पासपोर्ट मागितल्यावर पोटाशी फक्त पोटच उरलं होतं.

पोलीस चौकीत आमचा गाईड दुभाषा झाला. "साहेब विचारतायत, इतकी आत लपवलेली पिशवी चोराला सापडली कशी?"





काकू म्हणाल्या, "त्यांना सांगा, शिकवणी ह्यांनी घेतली आणि फीसुद्धा ह्यांनीच भरली."