बदली आरोपी

“या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही,” सार्जंट ताम म्हणाला. समोरच्या खुर्चीत बसलेल्या कुआन काकांनी मान डोलावली. तामला खोटं बोलावं लागणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो ते नीट बोलत होता.

हाँगकाँगच्या गोऱ्या सरकारने पोलिसांच्या लाचखोरीवर नजर ठेवायला नवं कार्यालय काढलं होतं. त्याच सुमारास म्हाताऱ्यांना भत्ताही सुरू केला. कुआन काका या दोन्ही सुधारणांच्या मधे सापडले. भत्ता हवा तर इतकी वर्षं याच शहरात काढल्याचा पुरावा द्यायचा, आणि काकांनी ती वर्षं अटक होण्यात घालवली होती.

बाजारातल्या फेरीवाल्यांकडे परवाने नव्हते. ताम त्यांच्याकडून हप्ता घेई आणि काणाडोळा करी. पण चौकीला अधूनमधून कोणाला तरी पकडून दाखवावं लागे, आणि खऱ्या फेरीवाल्याला गाडी सोडून कोर्टात जायला कुठली फुरसत? मग काका जात. कधी मासळीवाला लाउ म्हणून, कधी शेवयावाला फुंग म्हणून. दंड फेरीवाले भरत. कोर्टात नेण्याआधी ताम काकांना भाजलेल्या डुकराच्या मांसाचा भात खाऊ घाली, तोही स्वतःच्या पैशांनी. उपाशी माणसाला न्यायासमोर उभं करू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

अशी काकांची उभी हयात दुसऱ्यांच्या नावावर जमा झाली. लाउ मेला. फुंग परदेशी लेकाकडे निघून गेला. काकांना ओळखणारा एकटा ताम उरला.

म्हणून काका लाचखोरीवरच्या या नव्या कार्यालयात आले होते. तक्रार करायला नव्हे. आपण इथेच होतो, एवढं कुणीतरी म्हणावं, इतकीच त्यांची मागणी होती. तरुण अधिकारी यिपला मात्र आयता साक्षीदार मिळाला. त्याने तामला चौकीतून उचलून आणलं.

“नीट बघा,” यिप म्हणाला. “तुम्ही ओळख दिलीत तर यांना भत्ता मिळेल.”

“आणि मला तुरुंग. सांगितलं ना, नाही ओळखत.”

काकांना राग आला नाही, वाईट वाटलं. तामची धाकटी मुलगी महिन्याची झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे वाटलेली लाल अंडी त्यांनी खाल्ली होती. तिची शाळा अजून चालू होती. ते यिपला म्हणाले, “जाऊ द्या साहेब. नसेन मी इथे राहिलो.”

यिपचाही नाइलाज होता. काकांच्या एकट्याच्या शब्दावर सार्जंटला अडकवता येत नव्हतं. जेवण झालं की तामला सोडायचं, असं त्याने ठरवलं. फोन उचलून त्याने खालच्या खानावळीला भाजलेल्या मांसाचे तीन भात पाठवायला सांगितलं.

ताम खिडकीबाहेर बघत होता. मान न वळवता तो म्हणाला, “एकावर कांद्याची पात नको म्हणावं. काकांच्या अंगावर पित्त उठतं.”