ऐकणारा एक तरी हवा

एक खोली डोळ्यांसमोर आणा पाहू. लांबट, जुन्या कागदाच्या वासाची, भिंतींना लागून पुस्तकांची कपाटं. मधोमध चार रांगांत खुर्च्या मांडा, वीस. आता त्या सगळ्या रिकाम्या ठेवा. पुढ्यात एक मुलगी उभी करा, नऊ वर्षांची, घट्ट वेणी, छातीशी पुस्तक. झालं? तर ही बटण.

आई शर्टांच्या कारखान्यात बटणं लावते, म्हणून वाचनालयात सगळे तिला बटण म्हणतात.

भिंतीवर वर्षभराच्या कार्यक्रमांचा कागद होता. शनिवारची गोष्ट, फाटक्या पुस्तकांना डिंक लावायचा दिवस, घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी घरपोच पुस्तकं, आणि सगळ्यांत खाली मुलांची वाचन स्पर्धा. वर्षात बारा पुस्तकं वाचायची. मग आजच्या दिवशी आवडतं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी प्रश्न विचारायचा. उत्तर दिलं, की दाराशेजारच्या लाकडी पाटीवर नाव.

यंदा स्पर्धेत बटण एकटीच होती.

"म्हणजे पहिला नंबर पक्का की गं!" शिपाईकाका शेवटची खुर्ची पुसत म्हणाले.

"शेवटचाही माझाच, काका."

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर तिनं आपली पिशवी ठेवली होती. आईची जागा कुणी घेऊ नये म्हणून.

साडेचारला फोन वाजला. ग्रंथपाल बाईंनी "हो... हो, सांगते" म्हणून तो ठेवला आणि जरा वेळ हात त्यावरच राहू दिला.

"आईचा होता गं. मोठी ऑर्डर आलीय. सोडत नाहीयेत."

"बरं," बटण म्हणाली. तिनं खुर्चीवरची पिशवी उचलली आणि खाली पायाशी ठेवली.

वाचनालय पाचला बंद होत असे. बाई दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आल्या. एक सायकलवाला गेला, बाकी कुणी नाही.

"चल, तू वाच. मी ऐकते आणि प्रश्नही मीच विचारते."

"तुम्ही नाही चालत. काकाही नाही. बाहेरचं माणूस लागतं." बटणनं भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. "तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय खरं," बाई पुटपुटल्या. "कशाला एवढी हुशारी केली कोण जाणे."

दहा मिनिटं थांबू या म्हणाल्या, आणि तोवर घरपोच पुस्तकांची वही उघडून बसल्या. उद्या कुणाला काय पाठवायचं ते फोन करून विचारायचं होतं. पहिलंच नाव घड्याळवाल्या आजोबांचं. त्यांचं दुकान कधीच बंद झालं होतं. गुडघे गेल्यापासून ते वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटेच असत.

"आजोबा, उद्या कुठलं पाठवू?... हो, मोठ्या अक्षरांचंच. ठेवू मग?... नाही हो, पाऊस कुठला, चांगलं ऊन आहे... हो, भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतंय... शिपाईकाका ना? मजेत आहेत. ठेवते हं आता... चुना? हो, भिंतींना मागच्याच वर्षी लावला..."

फोन ठेवून त्यांनी कपाळ चोळलं.

"दर आठवड्याला हेच. 'थांबा बाई, अजून एकच विचारायचंय.' त्या एकाचे दहा होतात. फोन ठेवूच देत नाहीत बिचारे."

बटणनं उघड्या वहीतल्या त्या नावाकडे पाहिलं.

पाचला दहा कमी होते. काका मागच्या खुर्च्या उचलून एकावर एक रचू लागले. बाई खिडक्या लावायला उठल्या. एक लावली, दुसरी लावली.

बटणनं दाराकडे पाहिलं. मग ती टेबलापाशी गेली, उघड्या वहीतल्या पहिल्या नंबरावर बोट ठेवलं आणि एकेक आकडा जपून दाबला. पलीकडे घंटी एकदाच वाजली.

"आजोबा, मी बटण. वाचनालयातून बोलतेय... नाही, बाई खिडक्या लावतायत. तुम्हांला अजून काही विचारायचं राहिलंय का?... आहे ना? मग थांबा. आधी नीट ऐका, आणि शेवटी विचारा. एकच हं."

तिसऱ्या खिडकीवरचा बाईंचा हात तिथेच राहिला. काकांनी उचललेली खुर्ची आवाज न करता खाली ठेवली.

फोनची वायर ताणली तर पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम पोचत होती. बटणनं रिसीव्हर मधल्या खुर्चीवर ठेवला, घसरू नये म्हणून पाठीशी पिशवी लावली. मग चार पावलं मागे जाऊन ताठ उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि घसा खाकरला.