गोड गळा

"नुसतं गुरगुरू नकोस गं," ऋत्विजदादा स्टुडिओच्या काचेपलीकडून म्हणाला. "ग्राउलमध्ये राग आहे तुझ्या, पण या ओळीला किळस हवी. पोटातून ढवळून यायला हवं."

आमच्या गाण्यात गोड ओळी त्याच्या होत्या आणि घसा फाडून म्हणायच्या ओळी माझ्या. ज्याचा आवाज ऐकून मी मेटल संगीताकडे वळले, तो माझ्या बँडसाठी गायला आला होता. त्याच्यासमोर किळस आणायची तरी कुठून? शेवटी वैतागून तो म्हणाला, "तू जरा दम खा, तोवर मी माझा भाग उरकतो."

तो माइकसमोर उभा राहतो न राहतो तोच त्याचा फोन वाजला. माइक चालूच होता. माझ्या हेडफोनमध्ये सगळं ऐकू आलं.

"बाई आली नाही तर मी काय करू, आई? अंथरुणात ओली झालीस ना? मग पड तशीच संध्याकाळपर्यंत. एकदाची मरतही नाहीस! परत फोन केलास तर फोनच काढून घेईन."

फोन खिशात टाकून, डोळे मिटून तो गायला. एकही सूर हलला नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी ज्याच्यावर जीव टाकला, तोच हा नितळ आवाज. मी हेडफोन काढून ठेवला.

मग माझी पाळी आली. त्याच्याकडे बघत मी ती ओळ अक्षरशः ओकले.

"कमाल!" तो टाळ्या वाजवत म्हणाला. "हीच ती किळस! अस्साच अजून एक टेक दे."

"देते की," मी म्हणाले. "तू तेवढा तुझ्या आईला परत एकदा फोन लाव."