जास्तीच्या होड्या

धाकटा ज्या बोटीवर नोकरीला होता ती बुडाली. पुढे बाबांनी शिडाच्या लाकडी जहाजाचं किट विकत आणलं, तेव्हापासून आई त्यांच्या खोलीत फिरकली नव्हती.

जहाज पुरं होत आलं तेव्हा थोरला बघायला आला. डोलकाठ्या, शिडं, दोर, सगळं कसं चोख. डेकवर मात्र छोट्या होड्यांची नुसती दाटी.

"बाबा, किटमध्ये तर दोनच होड्या होत्या ना? कशाला एवढ्या केल्यात? जहाजाची पार रया गेली."

"जाऊ दे," हातातली नवी होडी पॉलिशपेपरने घासत बाबा म्हणाले. "त्याच्या बोटीवर कमी पडल्या होत्या."

दारात उभी असलेली आई आत आली. चष्मा लावून तिने अख्खा डेक निरखला आणि एका कोपऱ्याकडे हात दाखवला.

"अहो, इथे अजून एक बसेल बघा."