पाच मिनिटांत कोण?

शुक्रवार पेठेत एकट्या राहणाऱ्या निवृत्त विज्ञानशिक्षिका कुमुदताईंनी चार दुकानं हिंडून चोराची वर्दी देणारा अलार्म निवडला. तो बसवल्यावर मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, हा वाजला की पाच मिनिटांत धावून येईल असं कोण आहे? नंबर टाकतो." मुलगा बंगळुरात, बहीण टेंभुर्णीला. भिंतीपलीकडे मायाक्का होती, पण सांडपाण्यावरून भांडल्यापासून सहा वर्षं अबोला होता. "तसं कुणी नाही." मेकॅनिकने रकाना कोरा ठेवून चाचणीसाठी सायरन वाजवला. कुमुदताईंनी सवयीने घड्याळ पाहिलं. चाळिसाव्या सेकंदाला दारात मायाक्का उभी, अनवाणी, पिठाळ हातात उलथणं उगारून. "कुटं हाय त्यो मुडदा?" मेकॅनिक कपाटाआड सरकला. "मावशी, टेस्टिंग हाय!" उलथणं खाली आलं. ती वळली. "मायाक्का, नंबर सांग तुझा," कुमुदताई म्हणाल्या. "कशाला नंबर, बाई? भिंतीवर थाप मारा की. भाकरी करपतीया."